पेशंटचं नाव

शेवंता : दवाखान्यातून फोन आला होता. आवाज भल्ला गोड होता त्या पोट्टीचा. म्हणे, "मॅडम, कुकरची शिट्टी ऐकली की छातीत धडधडतं का?" मी म्हटलं, मले काहून धडधडीन बाई? उलट घरात शिट्टी नाही म्हणून जीव जाऊन राहिला माहा. सात महिने झाले, उघड्या गंजात-पातेल्यात वरण शिजवून राहिली मी. दीड-दीड तास! तर म्हणते, "पण फॉर्ममध्ये लिहिलं आहे, की शिट्टी झाली की तुम्ही घराबाहेर पळून जाता." मी पळते, रुचिताचे बाबा? या गुडघ्यानं?

धर्मपाल : चहा थंडा होऊन राहिला तुहा.

शेवंता : होऊ द्या. मंग म्हणे, "झोपेतून दचकून उठता का? जेवताना भिंतीकडं तोंड करून बसता का?" तवा माह्या डोक्यात लाइट लागला. या घरात भिंतीकडं तोंड करून कोण जेवते?

धर्मपाल : कधी आला फोन?

शेवंता : तुम्ही पेपर आणाले गेले होते तवा. दहा मिनिटाचा पेपर तुम्ही पाऊण तासात आणता. नऊ वाजता साऱ्या गल्लीचे कुकर लागतात ना, म्हणून.

रुचिता : एक मिनट, एक मिनट. पप्पा, फॉर्म में आपने मम्मी का नाम डाल दिया? लिंक मैंने आपके लिए भेजी थी!

धर्मपाल : तुह्या मम्मीलेच तर लागलं. हॉस्पिटलात बारा दिवस कोण होतं, मी का? ज्याले लागलं त्याचं नाव लिहिलं. ज्याचं जळते त्याले कळते, म्हणतात ना.

शेवंता : माहं जळलं, मले कळलं, अन् बरंबी झालं. कुकर जानेवारीत फुटला, वरण गळ्यावर उडालं, मलम लावलं, संपलं. ऑगस्ट लागला आता. पळून कोण राहिलं? तुम्ही. अन् फॉर्मवर नाव कोणाचं? माहं. रोग हाल्याले अन् इंजेक्शन पखालीले!

रुचिता : हाल्या मतलब?

शेवंता : रेडा. पाणी वाहते तो. आजारी पडते रेडा, अन् सुई टोचतात त्याच्या पाठीवरच्या चामड्याच्या पिशवीले.

धर्मपाल : पाह्य, पोरीसमोर मले रेडा म्हणून राहिली.

शेवंता : मी पखाल झाली, त्याचं काही नाही!

रुचिता : मम्मी, हंसो मत, मेरी भी गलती है. पप्पा बोले, थेरपिस्ट मैं खुद छांटूंगा, तू सिर्फ नंबर दे. मैंने तीन नंबर दिए, चौथा बाद में मिला. चारों का इंटरव्यू लिया इन्होंने.

शेवंता : जावई पाहाले निघाले होते का काय!

धर्मपाल : पाहाव लागते. वर्कशॉपमध्ये बोगीचं एक चाक लावाचं असलं तर आम्ही तीन वेळा गेज लावून माप घेतो. हे तर डोक्याचं काम आहे.

रुचिता : पहला वाला तो गजब था. बता दो मम्मी को.

धर्मपाल : त्याची गोष्टच करू नको. म्हणे, दोन दिवसांचा कोर्स केला आहे, एका बैठकीत सारा आघात काढून फेकतो, गॅरंटी. वरून म्हणे, घराचं तोंड कोणत्या दिशेले आहे? अन् अंगठीत कोणता खडा घालता? मी म्हटलं, भैया, मी रेल्वेत फिटर आहे, मले खड्यानं नाही, नटानं समजते. जयभीम. ठेवला फोन.

शेवंता : अन् दुसरा?

रुचिता : दूसरी बेंगलुरु की मैडम, वीडियो पर. बहुत अच्छी थीं. पर सब इंग्लिश में. पप्पा चालीस मिनट तक "येस मॅडम, येस मॅडम" करते रहे. बाद में पूछा, क्या बोलीं? तो कहते हैं, बाई स्वभावानं चांगली वाटली.

धर्मपाल : होतीच चांगली. पण दुखणं आपल्या भाषेत सांगाव लागते. "दचकतो"ले इंग्रजीत काय म्हणतात, हे आठवण्यातच माहं दचकणं होऊन जाईन.

शेवंता : माहं दचकणं! ऐकलं का रुचिता? माहं म्हणाले.

धर्मपाल : तुह्यासाठी बोलून राहिलो मी.

शेवंता : हव. बोला.

रुचिता : तीसरे, शहर के डॉक्टर थे. उन्होंने नींद की गोली लिखी और साफ बोल दिया, ये ईएमडीआर, आंखों वाली थेरेपी, मैं नहीं करता. जिसने ठीक से सीखा हो और जो अभी भी अपने काम की जांच सीनियर से करवाता हो, उसी के पास जाना. गंधाली मैडम का नाम उन्होंने ही दिया. नवा रायपुर में बैठती हैं, मेरे ऑफिस से दो चौक आगे.

धर्मपाल : वर्धेची आहे ती. फोनवर मी "नमस्ते" म्हटलं, तर म्हणे, "बोला ना काका." सरळ मराठीत.

शेवंता : मंग? तिचा गेज लावला का?

धर्मपाल : लावला. विचारलं, किती बैठका? म्हणे, आताच सांगता येत नाही. गॅरंटी? म्हणे, गॅरंटी नाही. तवा मले पटली. जो मिस्त्री वॅगनले हात लावल्याबिगर "दोन तासात देतो" म्हणते, तो मिस्त्री खोटा.

शेवंता : पण करते काय ते बाई? त्या पोट्टीनं मले विचारलं, "डोळ्यांचा काही त्रास आहे का?" मी म्हटलं, चष्मा आहे, आणखी कायचा त्रास?

रुचिता : वो इसलिए, कि जो दृश्य सताता है ना, वो थोड़ा-सा मन में लाना है, और मैडम का हाथ सामने बाएं-दाएं चलता है, उसके साथ आंखें चलानी हैं. फिर रुकना, सांस लेना, बताना क्या आया. पर ये पहले दिन नहीं होता. पहले वो सिखाती हैं कि घबराहट हो तो वापस कैसे आना है. याद नहीं मिटती. बस काटना छोड़ देती है.

शेवंता : अन् डोळे उघडेच ठेवाचे?

धर्मपाल : उघडेच. मले तेच पसंत आलं. विहारात ध्यान शिकवणारे गौतमजी म्हणे, आनापान कर, डोळे मिटून श्वास पाह्य. त्याइचं चुकत नाही. पण मी डोळे मिटले की श्वास नाही दिसत मले.

शेवंता : काय दिसते?

धर्मपाल : ...तू चहा पे ना.

रुचिता : मम्मी, असली बात तो सुनो. सब पसंद आ गया, तो इन्होंने मैडम से पूछा, "पेशंट न येता होते का? मले शिकवून द्या, मी घरी करतो."

शेवंता : घरी?

रुचिता : मैडम ने मना किया. साफ मना किया. इसके बाद भी इन्होंने मोबाइल पर वीडियो देखे, और पीछे आंगन में...

शेवंता : ते दोरीले बांधलेलं नट! अवं माय! कपडे वाळवाच्या तारेले दोरी, दोरीले मोठं नट, अन् हे खुर्ची टाकून समोर. मले वाटलं, चिमण्या हाकलाले बांधलं. तुम्ही डोळे फिरवत होते का त्याच्यासंगं?

धर्मपाल : बरोबर बसवलं होतं. एक सेकंदाले एक फेरा. वजन मोजून घेतलं होतं.

शेवंता : अन् तिसऱ्या दिवशी मोरीत अर्धा तास बसून होते ते? मी दरवाजा वाजवून राहिली, तुम्ही आतून म्हणून राहिले "पित्त झालं, पित्त झालं." ते पित्त होतं?

धर्मपाल : ...नाही.

शेवंता : काय होतं?

धर्मपाल : हातपाय कापून राहिले होते. थांबतच नव्हते. सुरू कसं कराचं, ते समजलं होतं व्हिडिओत. बंद कसं कराचं, ते नव्हतं.

(शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी. खुर्ची सरकल्याचा आवाज.)

शेवंता : कुठं निघाले?

धर्मपाल : सांबार आणतो. कोथिंबीर संपली वाटते.

शेवंता : जुडी पडली आहे फ्रिजात. बसा.

धर्मपाल : अभनपुरले जाऊन येतो मंग. रविवार आहे. संघर्ष वाट पाहत असंन.

शेवंता : तो सख्खा भाऊ असून पहिले तुम्ही वर्षातून दोनदा जात होते. आता दर रविवारी. त्याच्या घरी अजून चुलीवर शिजते, शिट्टी नाही, म्हणून जाता. मले समजत नाही का? बसा. माहा हात धरून बसा, वाटल्यास. दोन शिट्ट्या राहिल्या त्याइच्या. ते इंदूताई तिसरीले गॅस बंद करते.

रुचिता : पप्पा, पानी लो.

शेवंता : पाह्य कसे थंडे झाले हात. ही झाली दुसरी. आता एक. सोडू नका हात... झालं. संपलं. बसले ना? काही झालं का?

धर्मपाल : नाही झालं.

रुचिता : पप्पा, एक बात बोलूं? आपके वर्कशॉप वाले लोकेश अंकल मिले थे बस स्टॉप पर. बोले, तेरे पापा ने स्टोर की ड्यूटी मांग ली है. औजार को हाथ नहीं लगाते. और सुबह वाली सेफ्टी की शपथ भी अब दूसरे से पढ़वाते हैं. अठारह साल से आप पढ़ा रहे थे.

शेवंता : हे मले माहीत नव्हतं.

धर्मपाल : घसा बसला होता.

शेवंता : सात महिने? रुचिताचे बाबा, खरी गोष्ट सांगू? तुमची ड्यूटी, तुमची शपथ, ते जाऊ द्या तिकडं. सात महिन्यांपासून तुम्ही माह्याकडं पाहून जेवले नाही. बोलता तर कॅलेंडरकडं पाहून बोलता. भीमजयंतीले मी नवीन निळी साडी नेसली, तर तुम्ही पदराची तारीफ केली, खाली पाहून! त्या बाईच्या बोटाकडं पाहाले तुम्ही नवा रायपुरले जाऊन राहिले. माह्या गळ्याकडं पाहाले कुठं जाणार? मले माहा माणूस वापस पाहिजे. बस. बाकी काही नाही.

धर्मपाल : म्हणूनच तर तुहं नाव लिहिलं.

शेवंता : म्हणजे?

धर्मपाल : मले वाटलं, तुह्यासंगं जाईन, बाजूच्या खुर्चीवर बसीन. ती बाई तुले समजावीन, ते मी ऐकून घेईन. माहंबी त्यात होऊन जाईन. मी पेशंट झालो तर ती पहिलं विचारीन, "काय झालं होतं?" अन् ते सांगाव लागंन.

रुचिता : तो बता देना. कुकर खराब था, फट गया. सबको यही तो बताया है.

धर्मपाल : कुकर खराब नव्हता.

रुचिता : मतलब?

धर्मपाल : चांगला होता कुकर. झाकणावर शिट्टीच्या बाजूले छोटा सेफ्टी वॉल्व राहते. वाफ जास्त कोंडली की तो वितळते, वाफ निघून जाते, कुकर वाचते. तो गेला होता. रविवार होता, दुकान बंद. डब्यात एक पितळेचा बोल्ट पडला होता. त्याले आटे पाडले, वायसर टाकलं, अन् वॉल्वच्या जागी बसवला. असा फिट बसला बेटा, की मीच खुश झालो. उद्या नवीन आणू म्हटलं. सोमवार आला अन् गेला. नऊ दिवस चालला तो. दहाव्या दिवशी शिट्टीत डाळ अडकली, अन् वाफेले जाले जागाच नव्हती. मीच ठेवली नव्हती.

रुचिता : पप्पा...

धर्मपाल : फिट बसला म्हणून फुटला. ढिला बसवला असता तर वाचलो असतो. अठरा वर्षं गेटवर दोनशे माणसाले हात वर कराले लावून राहिलो, "मी नकली पार्ट लावणार नाही." माहा आवाज सगळ्यात मोठा! अन् लोकाइले काय सांगितलं? कुकर खराब निघाला. ज्याच्यापासून कुकर घेतला, त्या सचिन सेठले त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. तो बिचारा माफी मागून राहिला होता माही.

शेवंता : हव. मले आठवते.

धर्मपाल : ते फुटलेलं झाकण, ते धूर, ते काही दिसत नाही मले डोळे मिटल्यावर. माहे हात दिसतात. पान्यानं बोल्ट आवळून राहिलेले. भोवताल सारा अंधार, अन् मंधात एकटे माहे दोन हात. कोणाले माहीत नाही. मी एकटाच होतो ओट्यापाशी.

शेवंता : अंधार काहून होता?

धर्मपाल : अं?

शेवंता : अंधार काहून होता, म्हटलं.

धर्मपाल : लाइट गेली होती त्या दिवशी.

शेवंता : मंग अंधारात तुम्हाले बोल्टाचे आटे कसे दिसले? टॉर्च कोण धरून होतं, रुचिताचे बाबा?

धर्मपाल : तू नव्हती तिथं.

शेवंता : होती. एका हातात टॉर्च, एका हातात झाकण. तुम्ही म्हणून राहिले होते, थोडा वर, थोडा इकडं, डोळ्यात मारू नको. अन् बसल्यावर म्हटलं कोणं, "हात आहे का सोनं आहे"? मीच म्हटलं. सोमवारी तुम्ही थैली घेऊन निघाले होते नवीन वॉल्व आणाले. दारातून वापस कोणं बोलावलं? घरात फिटर असून दुकानात कायले जाता, मस्त चालून राहिला, राहू द्या. हेबी मीच म्हटलं.

धर्मपाल : मले... हे काहीच आठवत नाही, शेवंता.

शेवंता : मले सारं आठवते.

रुचिता : मम्मी, तू हे आधी काहून नाही सांगितलं?

शेवंता : अगं, तू मराठी बोलली! ...मले वाटलं, याइले आठवतेच. मले वाटलं, म्हणूनच माह्याकडं पाहत नाही. मीच आणू दिला नाही वॉल्व, म्हणून राग धरून बसले. इतक्या बाया भेटाले आल्या, बिचारी शेवंता, बिचारी शेवंता. मी कोणत्या तोंडानं सांगू, की टॉर्च माह्याच हातात होता? तुम्ही काही बोलले नाही, म्हणून मीबी बोलली नाही.

धर्मपाल : राग? तुह्यावर? अवं, तुह्यावर राग धरीन मी?

शेवंता : भिंतीकडं तोंड करून जेवणाऱ्या माणसाच्या मनातलं मले कसं समजीन? भिंतीले विचारू?

रुचिता : मतलब दोनों को भेजना पड़ेगा. कपल डिस्काउंट पूछूं क्या?

शेवंता : पूछ. पण पहिले याइचं नाव लिही. माहं मंग पाहू. मी झोपते तरी नीट, हे तेबी करत नाही. अन् उद्या संध्याकाळी दुकान उघडं असंन, आपण दोघं सचिन सेठकडं जाऊन येऊ. तुम्ही बोला, मी बाजूले उभी राहीन. जमलं नाही तर मी बोलीन.

धर्मपाल : चार गिऱ्हाइकं असतांनी जाऊ. तसंच बोललो होतो मी.

शेवंता : हव. तसंच जाऊ.

रुचिता : चलो, फॉर्म खुल गया. पेशंट का नाम?

धर्मपाल : लिही. धर्मपाल. वय चोपन्न.

रुचिता : "तकलीफ अपने शब्दों में."

धर्मपाल : लिही... शिट्टी वाजली की पळतो. हातात पाना धरवत नाही. बायकोकडं पाहवत नाही.

शेवंता : असं लिहाल तर ती बाई वकिलाकडं पाठवीन तुम्हाले, घटस्फोटाचा अर्ज कराले!

धर्मपाल : नाही पाठवत. वर्धेची आहे. समजीन तिले.

रुचिता : मंगळवार, साडेअकरा. मी ऑफिसातून दोन तास सुट्टी घेते. बस का भरोसा नहीं उधर, मेरे साथ सुबह ही निकलना. मम्मी, तू?

शेवंता : मी येईन. बाहेर बसीन. बाहेर खुर्ची असंनच. अन् रुचिताचे बाबा, घरी नट-बोल्ट बांधाचं नाही आता. जे शिकून आलं आहे, त्यालेच करू द्या.

धर्मपाल : नाही बांधत.

शेवंता : एक करता का माह्यासाठी? जबरदस्ती नाही. आज नाही जमलं तर राहू द्या, मंगळवारच्या नंतर पाहू. पदर सरकवला मी. टॉर्चबी नाही लागत, ऊन आहे खिडकीतून. पाहा.

धर्मपाल : शेवंता...

शेवंता : हात धरा पाहिजे तर.

धर्मपाल : धरला. पाहतो... एवढाच डाग आहे?

शेवंता : एवढाच आहे. उन्हाळ्यापासून एवढाच आहे.